दंडाच्या हाडात पोकळी, दोन डॉक्टर, दोन मतं. काय करावं?

शाहूपुरीकरीण
नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा आहे. गल्लीत फुटबॉल खेळताना हातावर पडला आणि उजव्या दंडाचं हाड खांद्याच्या जरा खाली मोडलं. फोटो काढला तर तिथं आधीपासूनच मोठी पोकळी होती, हाडाची भिंत पातळ झालेली. म्हणून एवढ्याशा पडण्यानं मोडलं म्हणे. कागदावर 'सिंपल बोन सिस्ट' लिहिलंय. कॅन्सर नाही हे दोन्ही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्यावर निदान रात्रीचं जेवण गेलं.

पुढं मात्र मतं फुटली. पहिले डॉक्टर म्हणतात, हात गळ्यात बांधा, हाड जुळू दे, पोकळीचं नंतर बघू, लागलं तर इंजेक्शन देऊ. दुसरे म्हणतात, आत्ताच उघडून पोकळी खरवडून काढू, कमरेचं हाड घेऊन भरू, सळ्या घालू, एकदाच विषय संपेल. मिस्टरांना "एकदाच" हा शब्द आवडलाय. मला ऑपरेशनचीही भीती वाटते आणि थांबायचीही. सासूबाई हाडवैद्याकडं न्या म्हणतात. कुणाच्या मुलाला असं झालं होतं का? काय केलंत?

तांबडी_माती
ताई, आमच्या तालमीतली निम्मी पोरं हाडवैद्यानंच उभी केलीत. खांदा निखळला, मनगट मुरगळलं, पाय लचकला, सगळं तिथंच. सासूबाई काय चुकीचं बोलत न्हाईत. दवाखान्यात गेलं की आधी फोटो, मग मोठा फोटो, मग मशिनीत घालून फोटो.

कळंबा_काकू
अगं बाई, काळजी करू नको. माझ्या भाचीला गुडघ्याखाली हाडाला कोंब फुटल्यासारखी गाठ होती. दुखत नव्हती, पण पोरगी दोरीवरच्या उड्या मारताना कुरकुरायची. मी घेऊन गेलो डॉक्टरांकडं. ते म्हणाले, ऑस्टिओकॉन्ड्रोमा आहे, मुलांत ही गाठ पुष्कळ दिसते, उंची वाढतेय तोवर ही पण वाढणार, उंची थांबली की ही पण थांबणार. नुसतं लक्ष ठेवा. वर्षातून एकदा दाखवत गेलो. पुढं पायावरून मुंग्या यायला लागल्या, शीर दबत होती, तेव्हा काढली. तीन दिवसांत पोरगी घरी. आता कॉलेजला आहे, दुचाकी चालवते आणि माझं ऐकत नाही.

मिरज_अस्थी
मी हाडांचा डॉक्टर आहे, मिरजेत असतो. फोटो न बघता उपचार सांगता येत नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून वाचा.

काकूंच्या भाचीची गाठ आणि या मुलाची पोकळी या दोन वेगळ्या गोष्टी. तिथं हाडावर बाहेरून वाढ होती, इथं हाडाच्या आत पिवळसर पाणी भरलेली जागा आहे. पाच ते पंधरा या वयात येते, मुलींपेक्षा मुलांत जास्त, आणि ठरलेल्या दोन जागा म्हणजे दंडाचं वरचं टोक आणि मांडीच्या हाडाचं वरचं टोक. बहुतेकांना हाड मोडेपर्यंत पत्ताच नसतो. फोटोत कधी कधी मोडलेल्या भिंतीचा तुकडा पोकळीच्या तळाशी पडलेला दिसतो. तो दिसला की आत पाणी आहे, घट्ट गाठ नाही, याची खात्री पटते.

आता मूळ प्रश्न. दंडाचं हाड मोडलं असेल तर आधी ते जुळू देणं यात वेळ वाया जात नाही. अशी हाडं इतर मोडलेल्या हाडांसारखीच चार-सहा आठवड्यांत जुळतात. हाड जुळता जुळता पोकळीही भरून येईल अशी आशा असते, पण तसं थोड्याच मुलांत होतं, म्हणून त्या भरवशावर राहू नये. त्यानंतर पोकळी किती उरली, भिंत किती जाड झाली, ते बघून ठरवतात.

इंजेक्शनची पद्धत १९७० च्या दशकात इटलीतल्या स्कॅग्लिएत्ती यांनी रूढ केली. भूल देऊन पोकळीत सुया घालतात, पाणी काढतात, स्टेरॉइड औषध सोडतात. टाके नाहीत, मुक्काम जवळपास नाही. तोटा असा की एकदा देऊन बहुधा भागत नाही, काही महिन्यांच्या अंतरानं परत द्यावं लागतं. अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड आणि मुलाच्याच हाडातला मगज अशी तुलना केली होती, ती २००८ साली छापून आली. स्टेरॉइडनं ४२ टक्के मुलं बरी झाली, मगजानं २३ टक्के. म्हणजे दोन्हींत चमत्कार नाही, पण स्टेरॉइड पुढं.

खरवडून भरण्याबद्दल एकच गोष्ट विचारा : पोकळी ग्रोथ प्लेटपासून, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं त्या टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीपासून, किती लांब आहे? दंडाच्या लांबीची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याजवळच्या प्लेटमधून होते. नऊ वर्षांच्या मुलाची ती प्लेट खरवडताना दुखावली तर हात आखूड राहू शकतो. शिवाय प्लेटला खेटून असलेली पोकळी जास्त जोमात असते आणि भरली तरी परत येण्याची शक्यता मोठी. मूल वाढतं तशी ती खाली सरकते आणि मंदावते. हीच पोकळी मांडीच्या हाडाच्या मानेत असती तर मी थांबा म्हटलं नसतं. तिथं अख्ख्या अंगाचा भार असतो, मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो.

तांबडी_माती
डॉक्टर, हाडवैद्याचं काय ते बोला की.

मिरज_अस्थी
@तांबडी_माती बोलतो. निखळलेला खांदा जागेवर बसवणारे हात मी बघितलेत, त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण आत काय आहे हे हाताला कळत नाही. पातळ भिंतीच्या हाडाला तेल लावून चोळलं, पट्ट्या आवळल्या तर जुळत आलेलं परत मोडेल. आणि मुलाच्या हाडावरची प्रत्येक सूज साधी नसते. गुडघ्याजवळ सूज, रात्री दुखणं, म्हणून महिनाभर मालीश करून मग आलेली मुलं आम्ही बघतो. त्यातल्या एखाद्याची गाठ वाईट निघते, तेव्हा तो महिना फार महाग पडतो.

तांबडी_माती
मी निखळलेल्या खांद्याचं बोललो. पोकळ हाडाचं बोललो न्हाई. तेवढं लिहून ठेवा.

पांढरा_रस्सा
आमच्या आजीचं म्हणणं, पोकळ हाड म्हणजे कॅल्शियम कमी. रोज पायाचं सूप. आजोबांनी तेच निमित्त करून चार वर्षं सूप ओरपलं, हाडं कुणाची भरली ते माहीत नाही.

मिरज_अस्थी
सूप प्या, नाचणी खा, काही बिघडत नाही. पण ही पोकळी कॅल्शियमच्या कमतरतेनं होत नाही आणि गोळ्यांनी भरत नाही.

उचगाव_मास्तर
धाग्याशी थेट संबंध नाही, पण लिहितो, कारण हे पालकांना माहीत हवं. माझ्या मुलाची मांडी दुखायची, वय अकरा. दिवसा बरा, रात्री दोन वाजता उठून रडायचा. "वाढीचं दुखणं" असं सांगण्यात आलं. नंतर एका ठिकाणी तर शाळा चुकवायचे बहाणे म्हणाले. मी स्वतः मास्तर, बहाणे मला ओळखता येतात. पोरगं सुट्टीतही रात्री उठायचं.

आम्हाला एक गोष्ट विचित्र वाटली : आयबुप्रोफेन दिलं की अर्ध्या-पाऊण तासात दुखणं साफ गायब. पॅरासिटामॉलनं तेवढं नाही. पुण्यातल्या डॉक्टरांना हे सांगितलं आणि त्यांनी तिथंच मान हलवली. साध्या फोटोत नीट दिसत नव्हतं, बारीक कापांचा सीटी स्कॅन केला तेव्हा हाडात शेंगदाण्याएवढा ठिपका दिसला. ऑस्टिओइड ऑस्टिओमा. ऑपरेशन म्हणजे कातडीला सुईएवढं भोक, सीटीत बघत सुई त्या ठिपक्यापर्यंत, आणि टोक तापवून ठिपका जाळायचा. दुसऱ्या दिवशी घरी. त्या रात्री पोरगं सलग झोपलं आणि आम्ही दोघं उगाचच जागे.

कळंबा_काकू
मास्तर, सुई तापवून जाळतात म्हणजे चटका बसत नाही होय आजूबाजूला?

मिरज_अस्थी
बसू शकतो, म्हणून जागा बघूनच करतात. टोकाला साधारण ९० अंश तापमान पाच-सहा मिनिटं. शीर किंवा कातडी फार जवळ असेल तर टाळतात. मणक्यात तर फारच जपून. पूर्वी हाच ठिपका काढायला हाडाचा मोठा भाग कापायचे आणि तरी कधी नेमका ठिपकाच आत राहायचा. १९९० च्या दशकापासून ही सुईची पद्धत आली आणि चित्र पालटलं. मास्तरांनी सांगितलेली खूण लक्षात ठेवा, रात्रीचं दुखणं आणि आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळीनं चटकन आराम. मात्र त्याच जातीतलं ॲस्पिरिन मुलांना घरच्या घरी देऊ नका, सोळा वर्षांखाली ते टाळतात.

बिंदू_चौक
सगळं खरं, पण डॉक्टर लोकांना कापायला निमित्त पाहिजे असतं. माझ्या चुलतभावाच्या पोराचा पाय खेळताना मुरगळला, फोटोत गुडघ्यावर पांढरी कडा असलेला डाग दिसला. लगेच "ऑपरेशन करू". भाऊ घाबरून सांगलीला गेला. तिथले डॉक्टर हसले, म्हणाले हे न बघितल्यासारखं करा. दोन वर्षांनी डाग गायब.

मिरज_अस्थी
@बिंदू_चौक नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा असणार. निरोगी मुलांचे सरसकट फोटो काढले तर तीनातल्या एकाला असा डाग निघेल. दुखत नाही, वाढ थांबायच्या सुमारास आपोआप भरतो. तपासणीसाठी त्याचा तुकडाही काढायचा नसतो, फोटोच पुरेसा. फार मोठा असून हाडाची निम्म्याहून जास्त जाडी खात असेल तरच विचार करायचा. सांगलीकर बरोबर होते.

इचलकरंजी_माग
मला दुसरी बाजू मांडू दे, कारण धागा आता "थांबा, सगळं आपोआप जातं" अशा वळणावर चाललाय.

माझ्या मुलीला बाराव्या वर्षी नडगीच्या वरच्या टोकाला गाठ आली. तिलाही आधी "साधी सिस्ट" सांगितलं. पण ती महिन्या-महिन्याला फुगत होती, गुडघा वाकेना. एमआरआयमध्ये आत रक्ताचे थर दिसले, पाणी वर, गाळ खाली, असे. त्याला ॲन्युरिझमल बोन सिस्ट म्हणतात. नाव मिळतंजुळतं, वागणं वेगळं. आमच्या सर्जननी एका गोष्टीवर अडून बसून चांगलं केलं : आधी तुकडा तपासायचा, मग ऑपरेशन. कारण असाच दिसणारा एक वाईट कॅन्सर असतो आणि चुकून साधी गाठ समजून खरवडलं तर तो पसरतो. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते सांगत बसत नाही.

रिपोर्ट साधा आला. मग खरवडलं, ड्रिलसारख्या बुरनं आतली भिंत घासली, आणि पोकळी भरली. भरायला कमरेचं हाड पुरलं नाही, म्हणून हाडाच्या बँकेतलं वापरलं. वर्षाच्या आत एका कोपऱ्यात परत आली. दुसऱ्यांदा केलं. आता तीन वर्षं झाली, शांत आहे. तेव्हा ताई, "एकदाच विषय संपेल" असं कुणी म्हणालं तर "आणि परत आली तर?" असं तिथल्या तिथं विचारा. आणि थांबायचं असेल तर कोणती सिस्ट आहे हे नक्की ठरवूनच थांबा.

पांढरा_रस्सा
हाडाची बँक? खरंच असते?

इचलकरंजी_माग
असते. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक आहे. दान मिळालेलं हाड स्वच्छ करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. हवाबंद पाकिटात येतं.

पांढरा_रस्सा
आमच्या बँकेत पासबुक भरून मिळत नाही आणि इथं हाड भरून मिळतंय. नाद खुळा.

मिरज_अस्थी
@इचलकरंजी_माग पूर्ण सहमत. रक्ताची सिस्ट परत येण्यासाठी बदनाम आहे, लहान वयात जास्तच. आता काही ठिकाणी न उघडता आत पॉलिडोकॅनॉल नावाचं औषध सोडून ती आटवतात, आपल्याकडं दिल्लीच्या एम्सनं २००६ साली त्याचे निकाल छापले. हेही अनेकदा द्यावं लागतं. पण तुकडा आधी, हे कधीच सोडू नये. आणि तुकडा काढणारा आणि पुढं ऑपरेशन करणारा एकच असेल तर उत्तम, म्हणजे छेद कुठं घ्यायचा हे त्याच्या डोक्यात असतं.

सीपीआर_रांग
पैशाचं कुणी बोलेना. दंडात सळ्या, भूल, इंजेक्शन, सगळं खाजगीत अंगावर येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली तीच. वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती व्हायच्या आधी रेशनकार्ड आणि पोराचं आधार घेऊन तिथं जा आणि हे ऑपरेशन यादीत बसतं का विचारा. भरती होऊन निघताना विचारलं तर उपयोग नसतो. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातही हाडांचा विभाग आहे, गर्दी असते, सकाळी लवकर केसपेपर काढा आणि बरोबर पाणी न्या.

तांबडी_माती
सकाळी लवकर म्हणजे मिसळीच्या आधी का नंतर?

सीपीआर_रांग
आधी. मिसळ खाऊन गेलास तर तुझा नंबर दुपारच्या जेवणानंतर.

बिंदू_चौक
मिसळीवरनं आठवलं, कट पातळ करायचं फॅड आलंय हल्ली, पुण्यासारखं

ॲडमिन
मिसळीचा धागा वेगळा आहे, चारशे प्रतिसाद झालेत, तिकडं जा. इथं विषयाला धरून बोला.

कसबा_बावडा
डॉक्टर, एक विचारू का? माझ्या नवऱ्याच्या अंगावर लहानपणापासून हाडाच्या गाठी आहेत, गुडघे, मनगट, बरगडी. आता थोरल्या पोराच्या गुडघ्याला दोन दिसायला लागल्यात. धाकटा तीन वर्षांचा. त्यालाही होणार का?

मिरज_अस्थी
@कसबा_बावडा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. काकूंच्या भाचीसारख्याच गाठी, पण अनेक ठिकाणी येणारा हा आनुवंशिक प्रकार आहे, कुणाचा दोष नाही. धाकट्याला दर वर्षी एकदा दाखवा, मनगट आणि गुडघे वाकडे होतायत का तेवढं बघायला. गाठी सगळ्या काढत बसायच्या नसतात, त्रास देणारीच काढायची, आणि जमलं तर मूल मोठं झाल्यावर, गाठ ग्रोथ प्लेटपासून लांब सरकल्यावर. नवऱ्याला मात्र सांगून ठेवा : मोठ्या माणसाची जुनी गाठ अचानक वाढायला किंवा दुखायला लागली तर लगेच दाखवायची. तेव्हा वर कूर्चेचा थर किती जाड झालाय ते एमआरआयमध्ये मोजतात, दोन सेंटिमीटरच्या वर गेला की आम्ही सावध होतो.

शाहूपुरीकरीण
सगळ्यांचे आभार, उशीर झाला उत्तराला. परवा तिसऱ्या डॉक्टरांना दाखवून आलो, मुलांच्या हाडांचंच बघतात. तुम्ही दिलेले प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते, मिस्टर म्हणाले परीक्षेला चालल्यासारखी निघालीस.

त्यांनी फोटो उजेडावर धरून बोटानं दाखवलं, पोकळी ग्रोथ प्लेटला अगदी चिकटून आहे, आणि तळाशी तो पडलेला तुकडाही दिसतो. म्हणून साधीच सिस्ट याबद्दल शंका नाही म्हणाले, एमआरआय आत्ता नको. खरवडायला त्यांनी साफ नकार दिला. हात गळ्यात, सहा आठवड्यांनी फोटो. मग इंजेक्शन द्यायचं की बघायचं ते ठरवू. इंजेक्शनच्या वेळी सुईतून पिवळं पाणी न येता रक्तच आलं तर तिथंच थांबून तुकडा घेऊ, असंही आधीच सांगून ठेवलं. एक-दोन वर्षांत परत मोडलं तर न उघडता वरून लवचीक सळ्या घालता येतात, त्यांनी हाडाला आधार मिळतो आणि पोकळीतलं पाणी वाहून जायला वाटही होते.

मिस्टरांनी "म्हणजे एकदाच होणार नाही?" असं विचारलंच. डॉक्टर म्हणाले, पंधरा-सोळापर्यंत हा सोबती आहे असं धरून चला, त्यातनं लवकर गेला तर फायदा. घरी येताना मिस्टर गप्प होते, पण दुसऱ्या दवाखान्यात फोन करून तारीख त्यांनीच रद्द केली. सासूबाईंनी जोतिबाला गुलाल-खोबरं कबूल केलंय, हाडवैद्याचा विषय बंद.

आता अडचण वेगळीच. उजवा हात बांधलेला, तरी चेंडू पायानं लागतो असं म्हणून गल्लीत पळतो. फुटबॉल कधीपासून सोडू?

मिरज_अस्थी
हाड जुळल्याचा फोटो येईपर्यंत धावणंही नको, पडला की हातावरच पडणार. त्यानंतर पोहणं, सायकल आपापल्या बेतानं. धक्काबुक्कीचे खेळ भिंत जाड झाल्यावर. मुलाला वर्ष-वर्ष घरात कोंडू नका. पण कुस्ती नाही.

तांबडी_माती
कुस्ती नाही हे मला बघून लिहिलंय का डॉक्टर?

मिरज_अस्थी
होय.

उचगाव_मास्तर
ताई, शाळेत पीटीच्या सरांना तोंडी सांगू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षकांकडं द्या आणि एक प्रत दप्तरात ठेवा. बदली शिक्षक आले की तोंडी सांगितलेलं कुणाला माहीत नसतं.

शाहूपुरीकरीण
हे डोक्यातच नव्हतं. सोमवारी देते. फोटोच्या तारखेनंतर इथंच लिहीन.